उपद्रवाचें माप

संगणक विकत घेतांना आपण त्याचा वेग पाहतों, त्याची स्मृति पाहतों, किंमत तर पाहतोंच. परंतु तो उलटा करून त्याच्या पाठीवर छापलेलीं बारीक अक्षरें वाचण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. वाचण्यासारखें त्यांत कांहीं नसतें, असें आम्हांसही अलीकडेपर्यंत वाटत असे. निरनिराळ्या देशांचीं चिन्हें, कसलेसे क्रमांक, आणि एका कोपऱ्यांत अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांतील पंधराव्या भागाचा हवाला देणारीं दोन-तीन वाक्यें. या वाक्यांचा आशय असा कीं, हें यंत्र त्या नियमांस अनुसरून आहे आणि तें चालविण्यास दोन अटी आहेत. पहिली अट, या यंत्रानें दुसऱ्यास अपायकारक व्यत्यय आणतां कामा नये. दुसरी अट, दुसऱ्याकडून आलेला व्यत्यय, मग त्यामुळें स्वतःचें काम बिघडत असलें तरी, या यंत्रानें सोसला पाहिजे. एखाद्या मठाच्या दारावर शोभाव्या अशा या दोन अटी एका विजेच्या यंत्राच्या पाठीवर, भिंगावांचून दिसूं नयेत इतक्या बारीक टाइपांत छापलेल्या असाव्या, ही मोठी गंमत आहे. परंतु आम्हीं त्या वाचल्या त्या गंमत म्हणून नव्हे. एका वृद्ध शेजाऱ्यास गप्प करण्यासाठीं आम्हीं त्या वाचल्या.

गोष्ट थोडक्यांत अशी. आमच्या भिंतीपलीकडे अण्णा राहतात. वय ऐंशीच्या पुढें. डोळ्यांस फारसें दिसत नाहीं, त्यामुळें वर्तमानपत्र सुटलें, आणि सकाळ-संध्याकाळ मीडियम वेव्हवरील रेडिओ एवढाच जगाशीं संबंध उरला. कांहीं वर्षांपूर्वीं एके दिवशीं ते आमच्या दाराशीं आले आणि म्हणाले, “अहो, रागावूं नका, पण तुमचा कॉम्प्युटर सुरू झाला कीं आमच्या रेडिओंत भुंगा शिरतो. बातम्यांतलें एक अक्षर कळत नाहीं.” आमच्या संगणकाचा आणि तुमच्या रेडिओचा तारेनें कांहीं एक संबंध नाहीं, असें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें. ते म्हणाले, “तें मला कळत नाहीं बुवा. पण तुम्ही बंद केलात कीं भुंगा जातो.” तेव्हां आम्हीं संगणक उलटा केला, भिंग घेतलें, आणि हें यंत्र तपासलेलें आहे, नियमांत बसतें, असें त्यांस वाचून दाखविलें. अण्णा “असेल, असेल” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून ते रेडिओ घेऊन जिन्याच्या कठड्यापाशीं खुर्ची टाकून बसूं लागले.

आम्हीं पहिलें वाक्य वाचून दाखविलें होतें आणि दोन अटींपाशीं येतांच भिंग खालीं ठेविलें होतें, हें आमच्या मागाहून ध्यानांत आलें. नियमांत बसणें आणि निरपराध असणें या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांतून गेला नाहीं. आणि त्याचा विचार करितां करितां या तपासणीविषयीं जें वाचावयास मिळालें, तें इतरांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

संगणकाचा आणि रेडिओचा संबंध येतो तो कसा, हें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणक म्हणजे ‘हो’ आणि ‘नाहीं’ यांची अखंड जपमाळ. त्यांतील प्रत्येक मणि ओढला जातो तेव्हां विजेचा दाब एकदम वर उडी घेतो किंवा एकदम खालीं येतो. अशी तीक्ष्ण कांठाची उडी ठराविक तालावर होऊं लागली, म्हणजे तिच्या पोटांत त्या तालाच्या तिप्पट, पांचपट, सातपट अशा कितीएक वरच्या कंप्रता दडलेल्या असतात. आणि वाटेंत एखादी तार भेटली कीं त्या रेडिओ-लहरी होऊन बाहेर पडतात. त्या कोणासाठीं नसतात, त्यांत कांहीं संदेश नसतो. विचार करतांना मोठ्यानें पुटपुटण्याची खोड असलेल्या माणसासारखें हें आहे. तो कोणाशीं बोलत नसतो, परंतु शेजारच्याची झोप मात्र मोडते.

ही खोड प्रथम लोकांच्या ध्यानांत आली ती कौतुकाच्या रूपानें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या बैठकींत स्टीव्ह डोंपियर नांवाच्या गृहस्थानें आल्टेअर ८८०० हा संगणक आणला. त्यास ना पडदा होता ना कर्णा. डोंपियरनें त्याच्याजवळ एक लहानसा रेडिओ ठेविला आणि असा कांहीं आज्ञाक्रम चालविला कीं संगणकाच्या त्या नको असलेल्या पुटपुटण्यांतूनच बीटल्सच्या एका गीताची चाल रेडिओवर वाजूं लागली. मंडळी थक्क झाली. दोन वर्षांनीं रेडिओ शॅक कंपनीचा टी.आर.एस.-८० बाजारांत आला, तेव्हां त्यावर खेळ लिहिणारे लोक खेळाचे आवाज ऐकविण्यासाठीं हीच युक्ति वापरूं लागले. शेजारीं रेडिओ ठेवा, म्हणजे बंदुकीचे बार ऐकूं येतील. परंतु भिंतीपलीकडे जो दूरचित्रवाणी पाहत बसलेला असे, त्याच्या पडद्यावर याच कौतुकाच्या आडव्यातिडव्या रेघा उमटत. त्यानें हा खेळ मांडला नव्हता, त्यास त्याचा आनंदही नव्हता.

तक्रारी वाढल्या. १९७९ सालीं अमेरिकन कमिशननें संगणकांसाठीं स्वतंत्र नियम केले. टी.आर.एस.-८० चा पहिला नमुना त्या नियमांत बसणें शक्य नव्हतें. १९८१ च्या आरंभीं नियम अंमलांत येतांच तो बाजारांतून काढून घेण्यांत आला. अटारी कंपनीनें १९७९ मध्यें विक्रीस आणलेले ४०० व ८०० हे संगणक घरच्या दूरचित्रवाणी-संचास जोडावयाचे होते, आणि तशा यंत्रांस तेव्हां लागू असलेले नियम फारच कडक होते. म्हणून त्यांच्या पोटांत ओतीव अॅल्युमिनियमचें जाड कवच घालावें लागलें. ते संगणक उचलतांना जो जडपणा हातांस जाणवतो, तो शेजाऱ्याच्या हिताचा जडपणा आहे. तेवढ्या धातूची किंमत गिऱ्हाइकानें दिली, आणि तिचा लाभ ज्यास झाला त्यानें तो संगणक कधीं डोळ्यांनीं पाहिलाही नसेल.

आतां तपासणी. ती उघड्या मैदानावर होते, किंवा बाहेरच्या लहरी आंत येऊं नयेत म्हणून चोहोंकडून धातूनें मढविलेल्या आणि आंतून लहरी शोषून घेणाऱ्या शंकूंनीं भरलेल्या दालनांत. खालीं धातूची जमीन. तींत बसविलेली फिरती चकती. तिच्यावर वीज वाहूं न देणाऱ्या पदार्थाचें ८० सेंटिमीटर उंचीचें मेज. मेजावर संगणक, आणि तीन किंवा दहा मीटरांवर एका खांबावर अँटेना. संगणक एकटा मात्र मेजावर ठेवून चालत नाहीं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशीं जोडयंत्रें त्यास लावूनच तपासणी करावी लागते. आणि जोडयंत्र तपासावयाचें असलें तर त्यास संगणक लावावा लागतो. याचें कारण मोठें मार्मिक आहे. पेटींतला गोंगाट बहुतांशीं पेटींतच राहिला असता. परंतु पेटींतून बाहेर निघणारी प्रत्येक केबल न सांगतां अँटेनेचें काम करूं लागते. पाऊण ते एक मीटर लांबीची केबल ७५ ते १०० मेगाहर्ट्झच्या सुमारास उत्तम अँटेना होते, आणि एफ.एम. रेडिओचा पट्टा नेमका तेथेंच सुरू होतो. संगणक एकटा निरुपद्रवी, प्रिंटर एकटा निरुपद्रवी, आणि दोहोंस जोडणारी केबल लावली कीं उपद्रव उत्पन्न झाला! तो संगणकाचा म्हणावा, प्रिंटरचा म्हणावा कीं केबलचा? नियम करणाऱ्यांनीं हा न्यायशास्त्राचा घोळ घातला नाहीं. त्यांनीं संबंधालाच मेजावर ठेविलें.

पुढचा प्रकार आम्हांस याहूनही विचार करावयास लावणारा वाटला. पडद्यावर ‘एच्’ हें इंग्रजी अक्षर ओळीमागून ओळ भरून सरकत ठेवतात, प्रिंटरलाही काम देतात, म्हणजे यंत्र गाढ झोपेंत असतांना तपासलें असें होऊं नये. मग चकती हळूहळू पूर्ण फिरवितात. अँटेना एक मीटरपासून चार मीटरांपर्यंत वर-खालीं करितात, कारण जमिनीवरून उलटून आलेली लहर कोठें सरळ आलेल्या लहरीस मारते तर कोठें तिला दुणावते. अँटेना आडवी धरून पाहतात, उभी धरून पाहतात. केबली इकडून तिकडे हलवितात. हें सारें कशासाठीं? तर यंत्र जास्तींत जास्त उपद्रव कोणत्या स्थितींत देतें तें सांपडावें म्हणून. जो आंकडा सर्वांत वाईट, तोच त्याच्या नांवावर लिहावयाचा. आपण माणसें एकमेकांची आणि स्वतःची परीक्षा करितों ती नेमकी उलट्या रीतीनें. नोकरीच्या मुलाखतीस, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमास, सभेंत भाषणास आपण आपली सर्वांत बरी बाजू पुढें करून जातों, आणि त्याच बाजूवरून आपणांस ओळखलें जावें असें आपणांस वाटतें. स्वतःची चकती फिरवून, आपण दुसऱ्यास सर्वांत अधिक त्रास कोणत्या कोनांतून देतों तें शोधणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत तरी नाहीं. आम्ही स्वतः तसे नव्हतों हें उघडच आहे.

परंतु त्रास मोजावयाचा तरी कसा? या प्रश्नाचा उलगडा संगणकांच्या पुष्कळ आधीं, रेडिओच्या बाल्यावस्थेंत झाला. १९३३ सालीं पॅरिस येथें निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ या कामासाठीं जमले आणि त्यांतून सिस्पर या नांवानें ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय समिति निघाली. आजही संगणकांच्या उत्सर्जनाचीं आंतरराष्ट्रीय मानकें तीच ठरविते. तेव्हांच्या लोकांपुढें अडचण होती ती अशी. मोटारगाडीच्या ठिणगीचा, ट्रामच्या तारेचा, घरांतल्या विजेच्या मोटरीचा खरखराट रेडिओंत येतो. नुसती शक्ति मोजली तर मिनिटांतून एकदां होणारा मोठा ‘कट्’ आणि सेकंदांतून शंभर वेळां होणारी बारीक किरकिर यांचा हिशेब कानाच्या हिशेबाशीं जुळत नाहीं. एखादा ‘कट्’ कान विसरून जातो. किरकिर मात्र जीव नकोसा करिते. म्हणून त्यांनीं मापकच असा घडविला कीं तो झटक्यासरशीं भरावा आणि फार सावकाश रिकामा व्हावा. ‘क्वासी-पीक’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. संगणकांच्या तपासणींत ३० मेगाहर्ट्झच्या वर जो वापरतात, तो एका मिलिसेकंदांत भरतो आणि त्यास ओसरावयास ५५० मिलिसेकंद लागतात. धक्के विरळ असले तर मधल्या काळांत तो ओसरून जातो आणि आंकडा लहान येतो. लागोपाठ असले तर पहिला ओसरण्यापूर्वीं दुसरा येतो आणि आंकडा चढत जातो.

या मापकाची शास्त्रीय कीर्ति आज पूर्वीइतकी राहिली नाहीं. अंकीय ग्रहणाचें दुःख कानाच्या दुःखाहून निराळें असतें आणि त्याचें माप या मापकांत नीट सांपडत नाहीं, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु ज्या दृष्टीनें तो घडविला गेला ती दृष्टि आम्हांस फार थोर वाटते. उपद्रव किती झाला, हें उपद्रव देणाऱ्यानें किती शक्ति खर्च केली यावरून ठरवावयाचें नसून, ज्यास तो झाला त्याच्या कानावरून ठरवावयाचें. आणि तो कान यंत्रांत बसवून, आरोपी कोणीही असला तरी त्याच्यापुढें तोच ठेवावयाचा. ‘मी काय एवढें केलें?’ हा जो आपणां सर्वांचा ठरलेला प्रश्न, त्याचें उत्तर आपल्या हातून काढून घेऊन दुसऱ्याच्या कानास दिलें, हाच या शोधाचा खरा अर्थ. आम्हीं अण्णांस तारेचा संबंध समजावून सांगितला तेव्हां आम्ही आमच्या बाजूचें माप वापरीत होतों. ते बिचारे आपल्या बाजूचें सांगत होते, आणि तेंच शास्त्रशुद्ध होतें.

शास्त्रशुद्ध म्हणण्याचें आणखी एक कारण आहे. तारेचा संबंध नाहीं, हें आमचें म्हणणेंच मुळीं खोटें होतें. ३० मेगाहर्ट्झच्या खालीं उपद्रव मुख्यतः विजेच्या तारांवाटे पसरतो, आणि म्हणूनच १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या दोरींतून उलट बाहेर काय येतें, तें वेगळें मोजतात. मीडियम वेव्ह याच टापूंत आहे. एका इमारतींतील बिऱ्हाडांच्या भिंती वेगळ्या असल्या तरी तारा अखेर एकाच खांबास जाऊन मिळतात.

मर्यादा ठरवितांना शेजारी किती दूर आहे, याचाही विचार झालेला आहे. अमेरिकन नियमांत कचेऱ्या-कारखान्यांतील यंत्रांचा ‘ए’ वर्ग आणि घरांतील यंत्रांचा ‘बी’ वर्ग असे दोन वर्ग आहेत. ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ‘बी’ वर्गाच्या यंत्राची लहर तीन मीटरांवर मीटरमागें १०० मायक्रोव्होल्टहून अधिक असतां कामा नये; ‘ए’ वर्गास तीच मर्यादा दहा मीटरांवर ९० आहे. अंतराच्या प्रमाणांत लहर क्षीण होते असें धरून हिशेब केला, तर कचेरीच्या यंत्रास घरच्या यंत्राच्या सुमारें तिप्पट मोकळीक मिळते. हा भेद न्याय्य आहे. परंतु तीन मीटर हें अंतर ज्यांनीं ठरविलें, त्यांच्या डोळ्यांपुढें त्यांच्याकडचीं घरें असावींत. आमचें मेज भिंतीस लागून आहे, अण्णांची रेडिओची फळी त्याच भिंतीस पलीकडून लागून आहे, आणि मध्यें नऊ इंच वीट.

नियम आला कीं पळवाट आली, असें म्हणण्याचा प्रघात आहे. येथेंही एक पळवाट दाखविली जाते, आणि ती साधी लबाडी नसल्यामुळें तिचा विचार करण्यासारखा आहे. तपासणीस पाठविलेल्या नमुन्यांत चांगल्या फेराइटच्या कड्या घालावयाच्या आणि बाजारांत पाठवितांना त्या काढून घ्यावयाच्या, ही सरळ चोरी झाली. तीबद्दल लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरा प्रकार असा. मापक एका वेळीं १२० किलोहर्ट्झ रुंदीच्या फटींतून पाहतो. संगणकाचा ताल अगदीं स्थिर असला, तर त्याची सारी शक्ति त्या एका फटींत येते आणि यंत्र नापास होतें. मग तालच थोडासा हलता ठेविला तर? १०० मेगाहर्ट्झचा ताल अर्ध्या टक्क्यानें मागेंपुढें झुलविला कीं शक्ति ५०० किलोहर्ट्झ रुंदींत पसरते आणि कोणत्याही एका फटींत तिचा थोडाच वांटा सांपडतो. लेक्समार्क या प्रिंटर बनविणाऱ्या अमेरिकन कंपनींतील कीथ हार्डिन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं ही युक्ति मांडली. आज ती बहुतेक संगणकांत असते आणि नियमास ती मान्य आहे. एकूण शक्ति मात्र पूर्वीं होती तेवढीच राहते.

हें कौशल्य म्हणावें कीं कपट? कोणी म्हणेल, घरांतला केर बाहेर न टाकतां सतरंजीखालीं सारखा पसरला, एवढेंच झालें. दुसरा म्हणेल, एकाच शेजाऱ्यावर पडणारा भार दहांवर वांटला आणि कोणासच जाणवला नाहीं, तर त्यांत पाप कसलें? दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. ज्याचें स्टेशन नेमकें त्या तालावर होतें त्याचें दुःख खरोखरच कमी झालें. ज्याचें थोडें बाजूस होतें, त्याच्याकडे पूर्वीं नसलेला थोडा खरखराट आला. आमच्या मतें युक्तींत कपट नाहीं. कपट शिरतें तें पास झाल्याचा कागद हातीं पडल्यावर, आतां तो खरखराट कोणाच्या वांट्यास गेला हें विचारण्याची गरज उरली नाहीं असें वाटूं लागतें तेव्हां.

आणि असें वाटावें याची सोय हल्लीं फार आहे. पूर्वीं कमिशनची मंजुरी घ्यावी लागे. १९९६ पासून अमेरिकेंत वैयक्तिक संगणकांच्या बाबतींत, मान्य प्रयोगशाळेंत तपासणी करून उत्पादकानें स्वतः तसें जाहीर करणें पुरेसें झालें, आणि २०१७ सालीं ही पद्धत आणखी सुटसुटीत करण्यांत आली. युरोपांतही १ जानेवारी १९९६ पासून या बाबतींतला नियम सक्तीचा झाला, आणि तेथील चिन्ह उत्पादक बहुधा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. म्हणजे यंत्राच्या पाठीवरचा छाप हा सरकारचा दाखला नसून करणाऱ्याचा शब्द आहे. शब्दावर व्यवहार चालावा हें आम्हांस आवडतें. मात्र शब्द देणारा आणि तो निभावणारा वेगळे असले म्हणजे पंचाईत होते. उत्पादकानें शब्द दिला. यंत्र चालविणार आम्ही.

इतकें समजल्यावर आम्हीं त्या दोन अटी पुन्हां वाचल्या, आणि त्यांच्या आधारें असलेला मूळ नियमही पाहिला. त्यांत आम्हांस जें आढळलें त्यानें आमचा तेव्हांचा सारा युक्तिवाद कोसळला. तो नियम असें कोठेंही म्हणत नाहीं कीं, मर्यादेच्या आंत असलेल्या यंत्रास उपद्रव देण्याची मुभा आहे. उलट, मर्यादेंत बसलेल्याही यंत्रानें प्रत्यक्षांत अपायकारक व्यत्यय आणला, तर कमिशनच्या प्रतिनिधीनें सांगतांच तें बंद केलें पाहिजे आणि व्यत्ययाचें कारण दूर होईपर्यंत पुन्हां सुरू करतां कामा नये. अपायकारक कशास म्हणावें, तर परवान्यानें चालणाऱ्या रेडिओ-सेवेस जें वारंवार खंडित करतें त्यासही. म्हणजे मर्यादा ही फक्त दारांतली परीक्षा. आंत आल्यावर वागणूक पुन्हां पुन्हां तपासली जाणार, आणि तपासनीस म्हणजे ज्याचें ऐकणें बंद पडलें तो शेजारी. अमेरिकेचा हा नियम आमच्या इमारतीस लागू नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याच नियमाचें वाक्य वाचून आम्हीं अण्णांस परत पाठविलें होतें. जें वाक्य ढाल म्हणून चालतें, तें आरोप म्हणून चालत नाहीं, असें म्हणण्याची सोय आम्हांस राहिली नव्हती.

दुसऱ्या अटीविषयीं तर आम्हीं याहून मोठी चूक केली होती. सोसण्याचा गुण आपल्याकडे तितिक्षा म्हणून गौरविला आहे, आणि दुसरी अट ही एक प्रकारें यंत्रास घातलेली तितिक्षेची आज्ञा आहे. परंतु ती कोणास घातली आहे? ज्या यंत्रास पहिली अट, त्याच यंत्रास दुसरी. आम्हीं न बोलतां अटींची वांटणी केली होती. नियमांत बसण्याचा मान आमच्याकडे, सोसण्याचें कर्तव्य अण्णांकडे. तितिक्षेचा उपदेश करणारे आणि ती पाळणारे नेहमींच निराळे कां असतात, या जुन्या कोड्याचा उलगडा आमच्याच मेजावर पडलेला होता.

शेजारी म्हणून केवळ भिंतीपलीकडच्यास धरावें, असेंही नाहीं. पुणें जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची विशाल दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, कांहीं एका ठिकाणीं आणि कांहीं दूरवर पसरलेल्या, आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकत असतात. आणि त्या ज्या कंप्रतांवर ऐकतात, सुमारें १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत, त्याच कंप्रतांवर आमचे संगणक पुटपुटत असतात. गोविंद स्वरूप यांनीं ही दुर्बीण मीटर-लहरींसाठीं योजिली, त्याचें एक कारण असें कीं, या लहरींवर पाश्चात्य देशांत माजलेला मानवी गोंगाट तेव्हां आपल्याकडे कमी होता. हें वाचून आम्हांस अभिमान वाटूं लागला होता. तों मनांत आलें कीं ती शांतता आपल्या संयमाची नव्हती, यंत्रें घेण्यास पैसा नव्हता म्हणून होती. पैसा आला तशी ती कमी होऊं लागली. माणसाच्या कानासाठीं आंखलेली मर्यादा या श्रोत्यास पुरत नाहीं. त्याच्या दृष्टीनें नियमांत बसलेला संगणकही आरडाओरडाच करीत असतो. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीसाठीं १९५८ सालीं १३,००० चौरस मैलांचा टापू रेडिओच्या दृष्टीनें शांत राखण्याचें ठरलें, तें उगीच नव्हे. ऑस्ट्रेलियांत पार्क्स येथील ज्योतिषी तर कित्येक वर्षें एका गूढ लहरीचा उगम शोधीत होते. २०१५ सालीं कळलें कीं त्यांच्याच आवारांतल्या मायक्रोवेव्ह शेगडीचें दार कोणी तरी ती चालू असतांनाच घाईनें उघडीत असे. उपद्रवी कोण, तें शोधावयास निघालेला मनुष्य पुष्कळदां असाच घरीं परत येतो.

आम्ही घरीं परत आलों तें असे. एका रविवारीं अण्णांचा रेडिओ मागून आणला, आमच्या मेजावर ठेविला, आणि एकेक वस्तु बंद करूं लागलों. प्रिंटर काढला, भुंगा तसाच. मॉनिटर काढला, तसाच. शेवटीं संगणकाची विजेची दोरी काढली आणि तो बॅटरीवर चालूं दिला, तों रेडिओ एकदम स्वच्छ बोलूं लागला. संगणक निर्दोष होता. त्याचा मूळ अॅडॅप्टर दोन वर्षांपूर्वीं बिघडला होता, आणि त्याच्या जागीं आम्हीं बाजारांतून एक तृतीयांश किंमतींत दुसरा आणला होता. वजनाला हलका म्हणून तेव्हां आम्हांस तो पसंतच पडला होता. लहरी अडविणारीं जीं गुंडाळ्या-धारित्रें आंत असावयाचीं त्यांना वजन असतें, हें आतां समजलें. ज्या यंत्राच्या पाठीवरचें वाक्य आम्हीं अण्णांस वाचून दाखविलें, तें यंत्र, म्हणजे तपासणीच्या मेजावर ठेविलेला तो संगणक त्याच्या त्या अॅडॅप्टरसह, आमच्या घरांत दोन वर्षें अस्तित्वांतच नव्हतें.

मूळ कंपनीचा अॅडॅप्टर आणला. अण्णांस बोलावून आणलें, त्यांच्या देखत संगणक सुरू केला, आणि त्या दिवशींचें बोलणें चुकलें असें सांगितलें. ते म्हणाले, “अहो, त्यांत काय एवढें!” खुर्ची जिन्यावरून घरांत गेली.

महिन्याभरानें आम्हीं सहज विचारलें, “आतां ठीक ना, अण्णा?” ते म्हणाले, “हो, हो, छान आहे. रात्रीं आठनंतर थोडा भुंगा असतो, पण तुमचा नव्हे तो.” आम्हीं त्याच रात्रीं आमच्या घराचा मुख्य खटका खालीं केला आणि अंधारांत भिंतीस कान लावला. भुंगा होता; बारीक, पण होता. मग जिन्यांत येऊन उभे राहिलों. चार मजले, सोळा दारें, आणि प्रत्येक दाराआड दिवा, संगणक, चार्जर, आणखी न जाणों काय काय. त्यांतला एकेक वेगळा तपासला तर बहुधा मर्यादेच्या आंतच निघेल. कोणतें दार आधीं ठोठवावें आणि काय म्हणावें, याचा विचार करीत आम्ही उभे होतों, तेवढ्यांत आंत अण्णांनीं रेडिओचा आवाज थोडा मोठा केला.